कुकी बंद केल्या की अर्ज अडतो आणि चालू ठेवल्या की जाहिराती पाठ सोडत नाहीत, तेव्हा काय करावे?

आपण विचारले आहे की, ब्राउझरमधील गोपनीयतेच्या सर्व सेटिंग कडक केल्यापासून सरकारी अर्ज आणि बँकेची कामे मध्येच अडकू लागली आहेत, आणि त्या सैल केल्या तर एकदा पाहिलेल्या वस्तूच्या जाहिराती सगळीकडे दिसू लागतात. मग यातले काय पत्करावे? मी उदगीरला ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवते आणि हा पेच आमच्याकडे जवळजवळ रोज येतो. माझे मत असे की, दोन्हींपैकी एकच पत्करण्याची गरज नाही. आपण तिजोरीचे कुलूप गोठ्याच्या फाटकालाही लावून बसला आहात, एवढीच अडचण आहे.

कुकी हा शब्द ऐकताच लोक दचकतात, पण तिचे मूळ काम अगदी साधे आहे. वेबच्या रचनेत संकेतस्थळाला स्वतःची स्मरणशक्ती नसते. आपण पुढचे पान मागितले की त्याच्या लेखी आपण पुन्हा अनोळखी. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, आणली. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढल्यावर डॉक्टर, रक्ततपासणी आणि औषधांची खिडकी या सर्व ठिकाणी तोच कागद दाखवावा लागतो, तसे हे आहे. केसपेपर फाडून टाकला तर रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे लागते, आणि आपल्या अर्जाचे नेमके तेच होत आहे.

आपल्याला नको आहे ती कुकी वेगळीच असते. आपण उघडलेल्या संकेतस्थळाची ती नसते. त्या पानावर जागा घेतलेल्या जाहिरात कंपनीची असते. तीच कंपनी बातम्यांच्या, कपड्यांच्या आणि औषधांच्या संकेतस्थळांवरही बसलेली असल्यामुळे आपण कुठून कुठे गेलो याचा माग तिला लागतो. म्हणून पहिल्या प्रकारची कुकी राहू द्यावी आणि ही दुसरी, म्हणजे त्रयस्थ कुकी, अडवावी. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी सरसकट अडवल्या आहेत. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या बरणीत ठेवण्याची, म्हणजे एकीकडची कुकी दुसरीकडे माग काढायला वापरता येऊ नये अशी, पद्धत सर्वांना लागू केली. क्रोमने त्रयस्थ कुकी बंद करण्याचे २०२० मध्ये जाहीर केले खरे, पण एप्रिल २०२५ मध्ये तो बेत गुंडाळला. त्यामुळे तेथे ही सेटिंग आपण स्वतःच करावी लागते.

तरीही एक जागा अशी आहे जेथे हे अडवणेही नडू शकते, ती म्हणजे शुल्क भरण्याची. देवणीकडील एक विद्यार्थिनी परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी धावत आली होती. तिच्या भावाने मोबाइलवर सर्व काही अडवणारा ब्राउझर टाकून दिला होता. खात्यातून पैसे गेले, बँकेच्या पानावर हिरवी खूणही आली, आणि अर्जाच्या पानावर परतताच ‘सत्र समाप्त झाले आहे’ एवढेच दिसले. शुल्क भरताना आपण अर्जाच्या संकेतस्थळावरून पेमेंट कंपनीकडे, तेथून बँकेकडे आणि पुन्हा मागे असा फेरा मारत असतो. परतीच्या वेळी ब्राउझरने ओळखीची कुकी दाखवली नाही, तर अर्जाला आपण कोण हेच कळत नाही. तिने माझ्या संगणकावरून दुसऱ्यांदा शुल्क भरले आणि पहिले पैसे काही दिवसांनी परत आले. तेव्हापासून मी सर्वांना दोन ब्राउझर ठेवायला सांगते. एक केवळ बँक, अर्ज आणि वीजबिल यांच्यासाठी, ज्यात त्रयस्थ कुकी अडवलेल्या असतील, पण अडलेल्या संकेतस्थळापुरता अपवाद करता येईल आणि पावतीची खिडकी उघडू दिली जाईल. दुसरा बातम्या, व्हिडिओ आणि खरेदीची चाचपणी यांच्यासाठी, ज्यात हवे तेवढे कडक धोरण ठेवावे. व्हीपीएन, म्हणजे आपले इंटरनेट दुसऱ्याच ठिकाणाहून आल्यासारखे दाखवणारी सोय, कामाच्या (म्हणजे पहिल्या) ब्राउझरमध्ये नकोच, कारण काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून आल्यासारखी दिसणारी विनंती स्वीकारत नाहीत.

कुकीपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती आपण स्वतःच्या हाताने भरून देतो त्या माहितीची. बारावीच्या निकालाच्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. मंडळाच्या निकालाच्या पानावर आसन क्रमांक आणि आईचे नाव एवढेच लागते. तरीही घाईत मुले शोधयंत्रातून भलत्याच खासगी पानावर जातात, तेथे मोबाइल क्रमांक मागितला जातो, आणि पुढचे काही आठवडे घरी शिकवणी वर्गांचे फोन येत राहतात. लातूर जवळ असल्यामुळे ही गिऱ्हाइकी मोठी आहे, हे त्यांनाही ठाऊक असते. समोरच्या कामाला ही माहिती खरोखर लागते का, हा प्रश्न तेथे स्वतःला विचारावा. पावसाचा अंदाज पाहण्यासाठी तालुका कळला तरी पुरते, म्हणून अँड्रॉइड १२ पासून मिळणारा ‘अंदाजे ठिकाण’ हा पर्याय निवडावा. शेतातील पिकाची नोंद करण्याच्या ई-पीक पाहणी ॲपला मात्र नेमके ठिकाण द्यावेच लागते, कारण आपण त्याच गट क्रमांकाच्या शेतात उभे आहोत हे त्याला पडताळायचे असते. तेथे परवानगी नाकारून काही साधत नाही. ‘ॲप वापरताना’ एवढ्यापुरती ती द्यावी.

कुकीची परवानगी मागणाऱ्या चौकटीत ‘सर्व स्वीकारा’चे बटण मोठे आणि रंगीत, नकाराचे मात्र दोन पाने आत, ही लबाडी आपणही पाहिली असेल. युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा (जीडीपीआर) २५ मे २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, आणि सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये वाचण्याची सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. तोवर ‘नाकारा’ शोधण्याचे कष्ट भटकंतीच्या, म्हणजे दुसऱ्या, ब्राउझरमध्ये घेऊ नयेत. ब्राउझर बंद करताच कुकी पुसल्या जातील, अशी सेटिंग तेथे करून ठेवली म्हणजे झाले.

आपण शेवटी खासगी खिडकीबद्दल, म्हणजे इन्कॉग्निटोबद्दल, विचारले आहे. माझ्या केंद्रात प्रत्येक ग्राहकाचे काम मी त्याच खिडकीत करते, कारण ती बंद केली की लॉगिन पुसले जाते. मात्र उतरवलेली फाइल पुसली जात नाही. सुरुवातीच्या काळात एकदा मी डाउनलोडचे फोल्डर उघडले, तर ‘आधार’, ‘आधार (१)’, ‘आधार (२)’ अशी रांगच लागलेली दिसली, आणि सगळे ग्राहक निर्धास्तपणे घरी गेलेले. त्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष मिळून झालेला असतो, आणि हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. आता मी ग्राहकासमोरच फाइल पुसते आणि रिसायकल बिनही रिकामी करते. आपण कोणत्याही केंद्रात गेलात तर तेवढे करायला सांगावे, आणि जेथे चालते तेथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क केलेले आधार द्यावे.

कामाच्या ब्राउझरमधील कुकी मात्र रोज पुसू नयेत. तसे केले तर दर वेळी ओटीपी मागितला जाईल, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे तपासणारा कॅप्चाही अधिक छळेल, आणि वैतागून आपण एके दिवशी पुन्हा सगळ्याच सेटिंग सैल कराल.