ट्रस्टच्या नावावर सायलेन्सर घ्यावा का?

प्रश्न: मी टेक्सासमध्ये राहतो, अमेरिकन सिटिझन आहे. रायफलसाठी सायलेन्सर घ्यायचाय तर दुकानदार म्हणतो स्वतःच्या नावावर नको, गन ट्रस्ट (ज्याच्या नावावर बंदुका, सायलेन्सर ठेवता येतात असा कायदेशीर ट्रस्ट) करा. खरंच गरज आहे का हो?

उत्तर: सक्ती अजिबात नाही, पण तुमच्या तिजोरीची चावी बायकोकडे पण असते का ते आधी सांगा! १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली सायलेन्सर ज्याच्या नावावर रजिस्टर, त्याच्याच ताब्यात हवा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात आणि घरी तिला तिजोरी उघडता येते, एवढ्यावरूनही भानगड होऊ शकते. ट्रस्टमध्ये ती सहट्रस्टी असली की तुमच्याशिवायही कायदेशीर वापरू शकते, आणि तुमच्या पश्चात कोणाला द्यायचा तेही आधीच लिहून ठेवता येतं (वारसाला तो टॅक्सशिवाय ट्रान्सफर होतो, ते ट्रस्ट नसला तरी).

आता लोक अजून म्हणतात की ट्रस्ट केला की बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत, ते विसरा. जुलै २०१६ पासून प्रत्येक जबाबदार ट्रस्टीचे (म्हणजे ट्रस्टच्या वतीने सायलेन्सर ताब्यात ठेवायचा अधिकार असलेल्याचे) ठसे, फोटो आणि फॉर्म लागतो, त्यामुळे उगाच सगळे मेव्हणे-साडू भरू नका. आणि ज्याला बंदूक बाळगायलाच कायद्याने बंदी आहे त्याला ट्रस्टी करून काही पळवाट निघत नाही.

नावावर करून घेताना लागणारा २०० डॉलरचा टॅक्स सायलेन्सरवर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, मशीनगनवर मात्र आहे. फॉर्म ४ वर (सायलेन्सर नावावर करून घेण्याचा अर्ज) ट्रस्टचं नाव कागदपत्रात आहे अक्षरशः तसंच लिहा. कॅलिफोर्नियात राहायला जायचा विचार असेल तर थांबा, तिथे सायलेन्सरच चालत नाही, ट्रस्ट असो नसो.