एकच फाइल बांधण्यापूर्वी
पायथनचा प्रोग्रॅम पायइन्स्टॉलरने (पायथन नसलेल्या संगणकावरही प्रोग्रॅम चालावा म्हणून तो बांधून देणाऱ्या साधनाने) एका फाइलीत बांधायचा असला, तरी आधी 'वनडिर' पर्यायाने साधा फोल्डर तयार करून पाहावा, असे मी सुचवेन. काय राहून गेले आणि काय विनाकारण आत आले, हे त्यात उघड दिसते. 'वनफाइल' या एकाच फाइलीच्या पर्यायात इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) व मॉड्यूल (कोडचे वेगवेगळे भाग) एकत्र गुंडाळलेली असली, तरी प्रत्येक वेळी फाइल चालवताना तो सारा ऐवज एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडला जातो, म्हणून प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो. माझ्या एका प्रोग्रॅमने सेटिंगची फाइल त्याच फोल्डरात लिहिली होती आणि प्रोग्रॅम बंद होताच ती फोल्डरासकट नाहीशी होत असे. ग्राहक बिचारा रोज नव्याने सेटिंग भरत होता, हे मला आठवड्याने कळले. टिकवायची माहिती वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवावी.

मॉड्यूलचे नाव प्रोग्रॅम चालू असताना ठरत असेल, तर पायइन्स्टॉलरला ते कोड वाचून सापडत नाही. ते 'हिडन-इम्पोर्ट' या पर्यायाने सांगावे लागते. विंडोजसाठीची फाइल विंडोजवरच बांधावी, लिनक्ससाठीची शक्य तितक्या जुन्या आवृत्तीवर, कारण नव्या जीलिबसीवर (लिनक्समधील मूळ सी लायब्ररीवर) बांधलेली फाइल जुन्या यंत्रावर अनेकदा सुरूच होत नाही. चाचणी मात्र पायथन नसलेल्या संगणकावर घ्यावी. स्वतःच्या यंत्रावर सगळेच चालते.