दोष आयएसओचा की अपुऱ्या प्रकाशाचा?

प्रश्न : मी जत्रेच्या रात्री देवळासमोर होणाऱ्या दशावताराची छायाचित्रे काढतो. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असलेला) असून लेन्स सोबत मिळालेली १८-५५ मिमीची आहे. आयएसओ (चित्राचा उजळपणा वाढवणारा कॅमेऱ्यातला आकडा) ८००च्या वर नेऊ नये असे एका जाणत्या मित्राने सांगितल्यामुळे मी तेवढ्यावरच थांबतो आणि शटर १/३० सेकंद ठेवतो. चित्रे काळोखी येतात, युद्धाच्या प्रवेशातल्या गिरक्या हलतात, आणि संगणकावर उजेड वाढवला की सगळीकडे दाणे दिसू लागतात. फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा का? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आपल्या मित्राचा सल्ला फिल्मच्या काळात अगदी योग्य होता. जलद, म्हणजे जास्त आयएसओच्या, फिल्ममधले चांदीच्या क्षारांचे कणच मोठे असत, त्यामुळे तिच्यावरचे चित्र रवाळ येई. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर पडणारा प्रकाश कमीही होत नाही आणि जास्तही होत नाही. जेवढा प्रकाश आला, त्याचा संकेत फक्त मोठा केला जातो.

दाणे येतात ते मुख्यतः प्रकाश थोडा असल्यामुळे. भुरभुर पाऊस पडताना अंगणातल्या एका फरशीवर चार थेंब पडतात आणि शेजारच्या फरशीवर नऊ. मुसळधार पावसात हा फरक उरतो, पण डोळ्यांना जाणवत नाही. प्रकाशकणांचेही तसेच आहे. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० कण नोंदले गेले, तर त्यात साधारण १००चा, म्हणजे १ टक्क्याचा चढउतार असतो. १०० कणच नोंदले गेले, तर तो १०चा, म्हणजे १० टक्क्यांचा होतो. संकासुराच्या काळ्या वेशात दाणे सर्वांत आधी दिसतात, ते याच कारणाने.

आपण ८००वर काढलेले काळोखी चित्र संगणकावर चौपट उजळ करता, तेव्हा प्रत्यक्षात ३२००चेच चित्र तयार होते, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत ते थेट ३२००वर काढलेल्या चित्रापेक्षा सावल्यांमध्ये अधिक खराब दिसते, कारण कॅमेऱ्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाटही (नको असलेले संकेत) त्यासोबत वाढतो. तेव्हा ३२००ची, प्रसंगी ६४००चीही भीती बाळगू नये. दाणे पुढे सौम्य करता येतात, पण हललेला चेहरा कशानेही स्थिर करता येत नाही.

आता खरेदीविषयी. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ आपल्या सेन्सरच्या सव्वादोन ते अडीच पट असते, त्यामुळे तोच प्रवेश त्याच अ‍ॅपर्चरवर (लेन्सच्या तेवढ्याच एफ-आकड्यावर) टिपला तर एकूण प्रकाशही साधारण तितक्याच पट मिळतो. हा लाभ खरा आहे, मात्र महाग आहे. आपली लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). ५० मिमीची एफ/१.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते आणि तिची किंमत फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या मानाने फारच थोडी असते. ती पूर्ण उघडून शटर १/२५० ठेवले, तरी ८००वर आजच्याइतकाच उजेड मिळेल. ३२००वर चित्र योग्य उजळ येईल आणि गिरकीही स्थिर दिसेल. पूर्ण उघडलेल्या लेन्सवर फोकसला फार थोडी खोली मिळते, म्हणून तो नटाच्या डोळ्यांवरच धरावा लागेल, याला थोडा सराव लागतो.

चित्रे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलच्या रूपात, काढावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जेपेगमध्ये कॅमेरा दाणे पुसताना मुकुटावरची नक्षी आणि मिशांचे केसही पुसतो, आणि रंगवलेला चेहरा मेण फासल्यासारखा दिसू लागतो. तसेच गुणवत्तेचा निकाल पडद्यावर १०० टक्के मोठे करून लावू नये. २४ मेगापिक्सेलचे चित्र ८ × १२ इंचांवर छापले, की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळून दाणे बरेच दबतात. येत्या जत्रेत ३२००वर काढलेले एक चित्र याच आकारात छापून घ्यावे आणि मगच नव्या कॅमेऱ्याचा विचार करावा.