गोळी दिली, तरी जंत कसे?

प्रश्न : आमच्या दोन वर्षांच्या कुत्र्याला महिन्यापूर्वी पायरँटेल ही जंताची गोळी दिली होती. आता शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. शी तपासली, तर अंडी नाहीत असा रिपोर्ट आला. तीच गोळी पुन्हा द्यावी का?

उत्तर : नको, तिचा इथे उपयोग नाही. हे टेपवर्मचे, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या जंताचे, तुकडे आहेत. ताजा तुकडा आखडतो, लांबतो. वाळला की पिवळट, टणक होतो. पायरँटेल गोलकृमी आणि हूकवर्म या दुसऱ्या जातींच्या जंतांवर चालतं, टेपवर्मवर नाही. रिपोर्टमध्येही गफलत नाही. या जंताची अंडी तुकड्यातच बंद राहतात, त्यामुळे द्रावणात अंडी तरंगवून केलेल्या तपासणीत ती बहुधा सापडत नाहीत. तुकडाच डबीत घालून डॉक्टरांना दाखवा.

औषध प्राझिक्वांटेल, किलोला साधारण ५ मिलिग्रॅम, एकदाच. १२ किलोच्या कुत्र्याला ६० मिलिग्रॅम. वजन अंदाजाने धरू नका, काट्यावर करा. नंतर शीत जंत दिसला नाही तरी काळजी नको, तो बहुतेक वेळा आतड्यातच विरघळतो.

खरी गोम पिसवांत आहे. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्यातला टेपवर्म पोटात जातो. पिसवा राहिल्या तर तीनेक आठवड्यांत तुकडे पुन्हा दिसतील. म्हणून घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांना पिसवांचं औषध सुरू करा आणि निदान तीन महिने चालू ठेवा. कोषातल्या पिसवा औषधाला दाद देत नाहीत, त्या नंतर बाहेर पडतात. अंथरूण गरम पाण्यात धुवा. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराच्या जिवावर बेतेल.

प्रश्न : पाच आठवड्यांच्या पिल्लाला काळी, चिकट शी होते, हिरड्या फिकट पडल्यात. जंताचं औषध किती द्यावं?

उत्तर : घरी औषध देत बसू नका, आत्ताच दवाखान्यात न्या. हूकवर्म असावा. तो आईच्या दुधातून येतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. शीत अंडी दिसण्याआधीच पिल्लू रक्तक्षयाने कोसळू शकतं, म्हणून रिपोर्टची वाट पाहू नका. रक्त चढवावं लागू शकतं.

बाकीच्या पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत दर १५ दिवसांनी औषध हवं, सोबत आईलाही. एका डोसने भागत नाही, कारण तेव्हा शरीरात इतरत्र असलेल्या अळ्या वाचतात आणि नंतर आतड्यात उतरतात.