‘डुकी’च्या आधीचा ग्रीन डे

प्रश्न : आम्ही तिघांनी कॉलेजात पंक पॉप बँड काढलाय. मित्र म्हणतो, अमेरिकन पंक बँड ग्रीन डेला मोठ्या रेकॉर्ड कंपनीनेच वर आणलं. खरं काय?

उत्तर : मित्र मधली सहा-सात वर्षं गाळतोय. बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘स्वीट चिल्ड्रन’ या नावाने सुरुवात केली, तेव्हा दोघे जेमतेम पंधरा वर्षांचे होते. बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या स्वयंसेवकांच्या क्लबात दारू नव्हती आणि वयाची अटही नव्हती. शाळकरी पोरांना स्टेज मिळायचं ते त्यामुळे.

लुकआउट रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीच्या लॅरी लिव्हरमोर यांनी १९८९ मध्ये त्यांची पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, काढली. तोवर नाव ग्रीन डे झालं होतं. १९९० च्या ‘३९/स्मूद’ या अल्बमची दहा गाणी नववर्षाच्या आसपास काही दिवसांत रेकॉर्ड झाली. खर्च सुमारे ६७५ डॉलर. स्टुडिओचं बिल तासावर चढतं, म्हणून चाल, शेवट, कोण कुठे थांबणार ही भांडणं घरीच मिटवून जा. त्याच वर्षी ड्रमर जॉन किफमेयर बँड सोडून गेला आणि लिव्हरमोर यांच्याच बँडमधला ट्रे कूल आला. मग ‘करप्लंक’ हा अल्बम. त्यातलं ‘वेलकम टू पॅराडाइज’ पुढच्या ‘डुकी’ या अल्बमसाठी पुन्हा रेकॉर्ड केलं गेलं. दोन्ही लागोपाठ ऐका : गाणं तेच आहे, बदललाय तो मुख्यतः आवाजाचा दर्जा. १९९३ मध्ये रीप्राइझ या मोठ्या कंपनीशी करार झाला, फेब्रुवारी १९९४ मध्ये ‘डुकी’ आला. मोठ्या कंपनीच्या बँडला जागा नाही, हा तेव्हा गिलमनचा नियम होता. तो त्यांनाही लागू झाला.

प्रश्न : आमची गिटार नुसती घरघरते, कॉर्ड कळतच नाही. आणि ‘डुकी’ लावून त्यासोबत वाजवलं की बेसूर लागते.

उत्तर : गेन, म्हणजे अँपवरचं घरघर वाढवणारं बटण, जास्त आहे. तो निम्म्याच्या खाली आणा आणि व्हॉल्यूम वाढवा. दुसरी चूक मिड, म्हणजे मधल्या सुरांचं बटण, शून्यावर ठेवण्याची. खोलीत एकट्याने वाजवताना ते झकास वाटतं, पण ड्रम्स सुरू झाले की गिटार गायब होते. मिड निम्म्याच्या वर ठेवा, बेस थोडा काढा. ती जागा बेस गिटारची. बेसिस्टने पिकने वाजवावं, डर्न्ट तसंच वाजवतो.

पॉवर कॉर्डसाठी पहिलं बोट जाड ‘ई’ तारेवर तिसऱ्या पट्टीत, तिसरं आणि चौथं बोट पुढच्या दोन तारांवर पाचव्या पट्टीत. उरलेल्या तारांवर पहिलं बोट नुसतं टेकवा, नाहीतर त्याही वाजतात. पाम म्यूटसाठी, म्हणजे तळव्याने तारा किंचित दाबून वाजवण्यासाठी, तळव्याची कड अगदी ब्रिजवर, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, हवी. इंचभर पुढे सरकली की सूर मरतो, ठकठक उरते.

बेसूर लागण्याचं कारण सोपं : ‘डुकी’तली बरीच गाणी अर्ध्या सुराने खाली लावलेली आहेत. सगळ्या तारा तेवढ्या उतरवा. तारा ढिल्या पडतात, त्यामुळे जोरात दाबलं की सूर वर चढतो. सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाडीची असलेला सेट लावा आणि बोटांचा जोर कमी करा.

प्रश्न : ड्रमर प्रत्येक गाण्यात पळतो.

उत्तर : बहुतेक तो फिलमध्ये, म्हणजे ठेका सोडून मध्येच वाजवायच्या छोट्या तुकड्यात, पळत असेल. मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा. तीन बार साधा ठेका, चौथ्यात फिल. फिलनंतरचा पहिला ठोका मेट्रोनोमच्या क्लिकवर पडू लागला की वेग पाचाने वाढवा. गिटारवाल्यांनी तेवढा वेळ गप्प बसावं.