आधी ताप बघ, मग इंजेक्शन

नागपूर

प्रिय डॉक्टर,

आता कॅज्युअल्टीतली मानसोपचाराची ऑनकॉल ड्यूटी तुझ्याकडे येईल. मेडिकल असो, मेयो असो की मिहानचं एम्स, नागपुरातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात रात्रीचा फोन बहुतेक वेळा एवढाच असतो : "सायकचा पेशंट आहे, व्हायोलंट आहे, लवकर या." यातलं 'व्हायोलंट' खरं मान. 'सायक' मात्र तपासल्याशिवाय मानू नकोस. केसपेपरवर तो शब्द एकदा पडला की पुढे कुणी पेशंटच्या अंगाला हात लावत नाही.

आधी नातेवाइकांना विचार : हे असं वागणं तासांचं, दिवसांचं की महिन्यांचं? शेवटची दारू कधी? घरात कुठल्या गोळ्या आहेत? "बाहेरचं झालंय, बुवाकडे नेलं होतं" असं म्हणाले तर चिडू नकोस. तिथे काय पाजलं ते विचार. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग गरम आणि हवेत काहीतरी वेचतोय, तर धोतऱ्याची विषबाधा आठव. कालपर्यंत ठणठणीत असलेला माणूस आज दिवस की रात्र हे विसरला असेल, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच 'वेडा' झाला असेल, तर कारण शरीरात शोध.

मग शुगर, ऑक्सिजन, नाडी, बीपी आणि ताप. तापावर मी मुद्दाम अडून बसतोय. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. उन्हातून आणलेला बरळणारा माणूस उष्माघाताचा असू शकतो आणि काखेतला थर्मामीटर आतला ताप कमी दाखवतो. शंका असली तर गुदमार्गाने मोज. ४० अंश सेल्सिअसच्या वर ताप आणि बरळणं, म्हणजे पाण्याचा फवारा, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ, लगेच. अशा वेळी शांत करायला प्रोमेथाझिन हे गुंगीचं औषध दिलंस तर उरलासुरला घामही बंद होईल. मूडच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्याला उन्हाळ्यात जुलाब लागले, किंवा त्याने अंगदुखीवर डायक्लोफेनॅक घेतलं, तरी लिथियमची रक्तातली पातळी चढते : हात जाड थरथरतात, चाल डगमगते, जीभ जड होते. हा आजार उलटल्याचा प्रकार नव्हे. लिथियमची लेव्हल आणि किडनीसाठी क्रिएटिनिन पाठव, गोळी थांबव.

ऑर्थोपेडिक वॉर्डात दोन-तीन दिवसांपूर्वी भरती झालेला, आता चादरीवरचे किडे झटकणारा, घामाघूम पेशंट दारू सुटल्याचा. त्याला लोराझेपाम हे झोपेच्या गटातलं औषध लागतं. नुसतं हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध दिलं तर फिट यायची शक्यता वाढते. ग्लुकोजआधी किंवा सोबत थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१, शिरेतून दे. पण शुगर खाली गेली असेल तर थायमिनची वाट बघत बसू नकोस.

विषबाधेच्या वॉर्डातून आलेला कॉल आणखी फसवा. फवारणीचं औषध प्यायलेला शेतकरी कपडे ओढतोय, सलाईन उपटतोय. बाहुल्या, तोंड, आतड्यांचे आवाज बघ. बाहुल्या पसरलेल्या, तोंड कोरडं, पोट शांत असेल तर विषावर उतारा म्हणून दिलेलं अॅट्रोपिन जास्त झालंय. मेडिसिनवाल्यांशी बोलून ते कमी करा.

हे सगळं बघूनही आवरत नसेल, तर आधी बोल. स्टेथोस्कोप गळ्यातून काढ, दार तुझ्या बाजूला असू दे, दोन हात अंतर ठेव. गर्दी बाहेर काढ, एकानेच बोलावं, बाकीचे गप्प. पाणी विचार. अनेकदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं, तर हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन ५० मिलिग्रॅम स्नायूत. म्हाताऱ्या माणसाला डोस बराच कमी. एकटं हॅलोपेरिडॉल दिलं तर तरुण पोरांची मान वाकडी होते, डोळे वर जातात, आणि पुन्हा कधी ते औषध घेत नाहीत. ओलान्झापिन या दुसऱ्या शांत करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याच्याच जोडीला लोराझेपामचं देऊ नकोस, श्वास मंदावतो. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन. पेशंट झोपला म्हणून सिस्टरही निघून जातात; धोका तेव्हाच असतो.

बांधायची वेळ आलीच तर पालथं कधीच नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बांधणं फक्त तातडीचा धोका टाळायला, तेवढ्यापुरतंच. कारण आणि वेळ लिहायलाच हवी. तातडीचे उपचार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर सुरू करू शकतो, पण जास्तीत जास्त ७२ तास.

जीव द्यायचा प्रयत्न करून आलेल्याशी नातेवाइकांना बाहेर ठेवून बोल. "मरायचं मनात होतं का? अजून आहे का?" असं सरळ विचार, विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट खाल्लेली मुलगी पहिले एक-दोन दिवस अगदी बरी दिसते, मग यकृत बसतं. त्यामुळे "बरी आहे, घरी नेतो" याला भुलू नकोस. दाखल करून पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, रोज बघायला सांग.

घरी सोडताना फवारणीच्या औषधाचे डबे घरातून कोण हलवणार, त्या माणसाचं नाव केसपेपरवर घे. गोळ्या आठवड्यापुरत्याच लिही आणि त्याही नातेवाइकाच्या हाती दे. ओपीडीची तारीख आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिही, आणि सोबत आलेल्याकडून एकदा मोठ्याने वाचून घे.

तुझा,
सर