सडपातळ माणसाचं कोलेस्टेरॉल

प्रश्न : वय ४६, सडपातळ, शाकाहारी. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७२ आलं. वडिलांना ५१व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) दिलंय. तूप, शेंगदाणे सोडले तर गोळी टळेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : शेंगदाण्यांना दोष देऊ नका, त्यांत कोलेस्टेरॉल नसतंच. तूप कमी करा. डालडा, खारी बंद. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं, म्हणून तुमच्यासारख्या सडपातळ माणसाचंही वाढतं. मला खरी काळजी वाटते ती वडिलांच्या वयाची. पंचावन्नच्या आत वडिलांना झटका आला असेल, तर मुलांचा धोका वाढतो. गोळी चुकवू नका. तंबाखू असेल तर आजच सोडा. आणि भावंडांनाही लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करायला लावा, कृपा करून.